कुंपणच शेत खाते तेव्हा...

(द्वितीय वर्ष कला)

वैद्य आणि वकील यांच्यापासून काही लपवू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. या सांगण्यात शहाणपण आहे. वैद्याला दुखणे नीट कळले नाही तर औषध चुकते आणि वकिलाला खरी हकिकत कळली नाही तर दावा बुडतो. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्याच्यापासून आपण काहीच लपवत नाही, त्याच्या हातात आपण आपली दोरी देत असतो. ती दोरी त्याने भलत्याच दिशेला ओढली तर काय करायचे, हे मात्र जुनी माणसे सांगत नाहीत.

मानसशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे. मनोविकारांचे प्रकार, त्यांची लक्षणे, त्यांवरील उपचार हे सारे आम्ही शिकतो. पण उपचार करणाऱ्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न आमच्या पुस्तकात कुठे भेटला नाही. म्हणून तो येथे मांडण्याचा हा प्रयत्न.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. हा लेख मानसोपचाराच्या विरुद्ध नाही. खेड्यापाड्यांत आजही मनाचे दुखणे झाले की माणसाला देवऋषीकडे नेतात, अंगारा लावतात, उतारा टाकतात. त्या मानाने मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे हे केव्हाही शहाणपणाचे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि कितीतरी मोडलेले संसार पुन्हा उभे राहिले. अशी माणसे या व्यवसायात आहेत, म्हणूनच त्याच्यावरचा विश्वास टिकला पाहिजे. आणि विश्वास टिकायचा असेल तर त्याचा गैरवापर कसा होतो, हे उघडपणे बोलले पाहिजे.

हा विश्वास वेगळा का?

हात मोडला तर त्याचे क्ष-किरण छायाचित्र काढतात. एका डॉक्टरचे पटले नाही तर तेच छायाचित्र दुसऱ्याला दाखवता येते. मनाच्या दुखण्याचे असे छायाचित्र निघत नाही. तेथे सारी भिस्त बोलण्यावर असते, आणि ते बोलणे बंद खोलीत दोघांतच होते. तिसरा साक्षीदार नसतो.

दुसरे असे, की आई-बापांना, नवऱ्याला किंवा जिवलग मैत्रिणीलाही न सांगितलेली गोष्ट रुग्ण तेथे सांगतो. ती बाहेर फुटेल ही भीती पुढे त्याच्या तोंडाला कुलूप लावते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मनोरुग्णाच्या शब्दाला समाजात किंमत नसते. रस्त्यावर आपला खिसा कापला गेला आणि आपण ओरडलो तर चार माणसे धावून येतात. पण वेडा ठरवलेल्या माणसाने "मला येथे मारतात, मला नको ते औषध देतात, माझ्याशी गैर वागतात" असे सांगितले तर ऐकणारा काय म्हणतो? "भ्रम होतोय बिचाऱ्याला." म्हणजे त्याची तक्रार हेच त्याच्या रोगाचे लक्षण ठरते. आणि तो निर्णय कोण देतो? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, बहुधा तोच!

या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडू शकते, याचे एक मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलेले आहे. ते जरा सविस्तर पाहू.

चेल्म्सफर्डची दीर्घनिद्रा

सिडनी शहराच्या पेनंट हिल्स या उपनगरात चेल्म्सफर्ड नावाचे एक खाजगी रुग्णालय होते. तेथे डॉ. हॅरी बेली हा मनोविकारतज्ज्ञ १९६३ पासून १९७९ पर्यंत 'दीर्घनिद्रा उपचार' करीत असे. रुग्णाला बार्बिच्युरेट जातीच्या झोपेच्या औषधांचे मोठे डोस देऊन दिवसचे दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, बेशुद्धावस्थेत ठेवायचे. नाकातून नळी घालून अन्न द्यायचे आणि त्याच अवस्थेत विजेचे झटकेही द्यायचे. मेंदूला अशी विश्रांती मिळाली की नैराश्य, चिंता, व्यसन असे अनेक विकार बरे होतात, असा त्याचा दावा होता. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये असे प्रयोग झाले होते आणि त्यांतले धोके जगाला माहीत होते. माणूस इतके दिवस हालचाल न करता पडून राहिला की फुफ्फुसे सुजतात, रक्ताच्या गाठी होतात, शरीरातले पाणी कमी होते.

हजाराहून अधिक माणसे या उपचारातून गेली. त्यांपैकी २४ जणांचे मृत्यू या उपचारामुळे झाले, असा निष्कर्ष पुढे चौकशी आयोगाने काढला. मृत्यूच्या दाखल्यांवर खरी कारणे लिहिलेली नव्हती, हेही उघड झाले. कित्येकांची रीतसर संमतीच घेतलेली नव्हती. १९७३ साली एक तरुण नट तेथे गेला. त्याने संमतीच्या कागदावर सही करण्यास नकार दिला. जरा शांत वाटेल म्हणून त्याला एक गोळी देण्यात आली. त्यानंतर तो शुद्धीवर आला तेव्हा मधले कित्येक दिवस निघून गेले होते आणि नको म्हटलेला उपचार त्याच्यावर झालेला होता. त्याने दावा लावला. १९८० साली ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल देऊन ६० हजार डॉलर भरपाई मंजूर केली.

सोळा वर्षे हे चालले कसे, हा खरा प्रश्न आहे. सिडनी हे काही आडरानातले गाव नव्हे. तेथे आरोग्य खाते होते, वैद्यक मंडळ होते, वृत्तपत्रे होती. पण रुग्णांचे कोणी ऐकले नाही, कारण ते मनोरुग्ण. नातेवाइकांनी विचारले नाही, कारण समोर मोठा डॉक्टर. बरोबरचे डॉक्टर बोलले नाहीत, कारण व्यवसायबंधूविरुद्ध बोलायचे कसे? आणि खात्याकडे तक्रारी पोचल्या तरी त्यांची तड लागली नाही. शेवटी वाचा फोडली ती कोणी? तेथे काम करणाऱ्या एका परिचारिकेने गुपचूप कागदपत्रे जमवली, काही रुग्ण चिकाटीने लढत राहिले आणि १९८० मध्ये दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमाने हे प्रकरण साऱ्या देशापुढे आणले. म्हणजे ज्यांचे ते काम होते त्यांनी केले नाही. ज्यांचे नव्हते त्यांनी केले.

या कथेतली सर्वांत चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. हाच डॉ. बेली त्याआधी कॅलन पार्क या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. तेथला गैरकारभार त्यानेच चव्हाट्यावर आणला आणि त्यामुळे १९६१ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला होता. म्हणजे दुसऱ्याच्या कारभारावर देखरेख हवी, असे म्हणणारा माणूस स्वतःच्या रुग्णालयात मात्र कोणाच्याही देखरेखीशिवाय राज्य करीत राहिला. माणूस चांगला की वाईट, एवढ्यावरच सारे सोडून चालत नाही, हे यावरून कळते. ज्याला विचारणारे कोणी नाही, तो कालांतराने स्वतःलाही विचारेनासा होतो.

न्यायमूर्ती जॉन स्लॅटरी यांचा आयोग १९८८ मध्ये बसला आणि १९९० मध्ये त्याचा अहवाल आला. पण बेलीने १९८५ मध्येच आत्महत्या केली होती. त्याच्याबरोबरच्या काही डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली, तर इतक्या वर्षांनी ती चालवणे अन्यायाचे होईल म्हणून ती थांबवण्यात आली आणि १९९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. उशिरा आलेली देखरेख ही न आल्यासारखीच, ती अशी. एक मात्र चांगले झाले. त्याच वर्षी त्या राज्यात वैद्यकीय तक्रारींसाठी कायद्याने स्वतंत्र आयोग स्थापन झाला. रुग्णाची तक्रार डॉक्टरांच्याच मंडळींपुढे नव्हे, तर बाहेरच्या यंत्रणेपुढे जाऊ लागली.

बंद खोलीतला अपराध

चेल्म्सफर्डमध्ये निदान मृत्यू झाले म्हणून आकडा सांगता येतो. पण गैरवापराचा एक प्रकार असा आहे की त्यात रक्त सांडत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे एका स्त्रीने आपल्या मनोविकारतज्ज्ञाविरुद्ध दावा लावला. शरीरसंबंध हा उपचाराचाच भाग आहे असे सांगून त्याने वर्षभराहून अधिक काळ तिचा गैरफायदा घेतला होता. १९७५ साली ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला आणि तो खटला गाजला. ती सज्ञान होती, मग तिने संमती दिलीच ना, असे कोणी म्हणेल. पण येथेच मानसशास्त्र उपयोगी पडते. उपचार घेणारा माणूस आई-बाप किंवा प्रिय व्यक्ती यांच्याविषयीच्या भावना नकळत उपचार करणाऱ्यावर आरोपित करतो. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. उपचारकाने त्या भावना समजून घेऊन रुग्णाला मोकळे करायचे असते. त्यांचा फायदा घेणे म्हणजे बुडणाऱ्याने धरलेला हात पिरगाळणे होय. अशा ठिकाणी 'हो' या शब्दाला संमतीचा अर्थ राहत नाही. ही जाणीव काही नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांच्या हिप्पोक्रेटिसच्या शपथेतसुद्धा रुग्णांशी असा संबंध ठेवणार नाही असे वचन आहे.

आपल्या देशात

हे झाले परदेशातले. आपल्याकडे काय आहे? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागली. २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांना साखळ्यांनी बांधलेले होते, म्हणून पळता आले नाही. ज्यांनी त्यांना तेथे ठेवले ते नातेवाईक दुष्ट नव्हते. दर्ग्याच्या जागी गुण येईल या विश्वासाने त्यांनी ठेवले होते.

आपल्या राज्यातही १९९४ साली शिरूर येथील सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात झाल्या आणि स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मतिमंदत्व आणि मनोविकार या दोन गोष्टी वेगळ्या. पण प्रश्न तोच. ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही, त्यांच्या शरीराविषयीचे निर्णय त्यांचे पालक म्हणवणारे घेतात, तेव्हा त्या पालकांना कोणी विचारायचे?

आणि अगदी अलीकडची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात समुपदेशन व शिबिरे चालवणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाला विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून पोलिसांनी अटक केली. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण ती बातमी वाचून वसतिगृहात आम्ही मुली बराच वेळ गप्प होतो. समुपदेशकाकडे जाणारी मुलगी आपल्यासारखीच असते. परीक्षेची भीती, घरची ओढाताण, एकटेपणा यांतले काहीतरी घेऊन ती जाते.

कायदा काय सांगतो?

इंग्रजांच्या काळात १९१२ चा 'लुनसी ॲक्ट' होता. वेड्यांपासून समाजाला सांभाळायचे, ही त्याची दृष्टी. त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २०१८ पासून तो अमलात आहे. या कायद्याने प्रथमच रुग्णाला हक्काचा धनी मानले. त्यातल्या काही तरतुदी प्रत्येकाला ठाऊक असाव्यात म्हणून येथे देते.

साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. मनोविकारावरचा उपचार म्हणून नसबंदी करता येत नाही. आपण आजारी पडलो तर कोणता उपचार हवा, कोणता नको आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवता येते. आपली कागदपत्रे पाहण्याचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. वकिलाची मदत मोफत मिळू शकते.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे असतात. त्यात जिल्हा प्रशासनाचा प्रतिनिधी असतो, डॉक्टर असतात आणि स्वतः मनोविकारातून गेलेल्या किंवा अशा रुग्णाचा सांभाळ केलेल्या व्यक्तींनाही जागा आहे. रुग्णाला दुसऱ्याच्या अर्जावरून दाखल केले तर रुग्णालयाने या मंडळाला सात दिवसांत कळवायचे असते आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. अशा रुग्णाला ३० दिवसांहून अधिक ठेवायचे तर मंडळाची मंजुरी लागते. यातले मर्म लक्षात घ्या. रुग्णाने तक्रार करण्याची येथे वाट पाहिलेली नाही. ज्याच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, त्याच्याकडे देखरेखीनेच चालत जायचे, हे तत्त्व त्यात आहे. चेल्म्सफर्डला हेच नव्हते.

शिवाय विश्वासाच्या नात्याचा वा अधिकाराचा गैरफायदा घेऊन स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ प्रमाणे गुन्हा आहे. तो बलात्कार ठरत नसला तरी त्याला पाच ते दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

भोके कोठे आहेत?

मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असल्याने तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या कक्षेत येतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. पण 'समुपदेशक' ही पाटी मात्र वर्षानुवर्षे कोणीही लावत आला. दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेला आणि काहीच न केलेला, दोघांची पाटी सारखीच! गावात न्हाव्याच्या दुकानालाही परवाना लागतो. मन उघडून दाखवायच्या दुकानाला नको? २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला आणि त्यात समुपदेशक व इतर मानसशास्त्रज्ञ यांनाही घेतले. कायदा झाला ही पहिली पायरी. नोंदणीचे रजिस्टर खेड्यातल्या माणसाला पाहता आले आणि तक्रार कोठे करायची हे भिंतीवर मराठीत लिहिले गेले, म्हणजे दुसरी पायरी.

मराठीत, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मी शाळेत असताना माझ्या काकूला मनाचे दुखणे झाले. घरच्यांनी तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेले. तेथे एक छापील इंग्रजी कागद पुढे आला. माझ्या वडिलांना स्वतःच्या नावापुरते लिहिता येते. त्यांनी सही केली. कागदात काय होते ते कोणी सांगितले नाही आणि विचारण्याचे धाडसही कोणाला झाले नाही. काकू बरी झाली. आज ती पूर्वीसारखी शेतात राबते, आणि त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ते डॉक्टर चांगले निघाले, हे आमचे नशीब. त्या कागदावर काहीही लिहिलेले असते तरी सही झालीच असती. एखाद्या माणसाची शुद्ध आणि अब्रू अशी नशिबावर सोडून द्यायची का?

एक आक्षेप

काही जण म्हणतील, एवढी चौकशी, एवढे कागद लादले तर चांगले डॉक्टर हैराण होतील आणि आधीच घाबरणारे रुग्ण उपचाराकडे फिरकणार नाहीत. आक्षेप अगदीच खोटा नाही. मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे कमी आहेत. त्यांचा वेळ अर्ज भरण्यात जाऊ नये. पण एस.टी.चे उदाहरण घ्या. मधल्याच थांब्यावर तपासनीस चढतो आणि सर्वांची तिकिटे पाहतो. त्यामुळे वाहकाचा अपमान होतो का? उलट, प्रामाणिक वाहकाच्या प्रामाणिकपणाला त्यामुळे पुरावा मिळतो. बँकेची तपासणी होते म्हणूनच आपण तेथे पैसे ठेवतो. गावच्या दूध डेअरीवरही फॅट मोजल्याशिवाय दूध घेत नाहीत आणि त्याचा राग कोणा शेतकऱ्याला येत नाही. देखरेख म्हणजे अविश्वास नव्हे. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा म्हणून समाजाने केलेली ती सोय आहे. लोक मानसोपचाराला घाबरतात ते तपासनीस असतो म्हणून नव्हे. तो दिसत नाही म्हणून.

आपण काय करावे?

विद्यार्थी म्हणून आपण कायदे करू शकत नाही. पण पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत. समुपदेशकाकडे जाताना त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. उपचार म्हणजे काय करणार आणि त्याचे धोके कोणते, हे विचारावे. न समजलेल्या कागदावर सही करू नये, आणि घरच्यांना तो वाचून दाखवण्याचे काम आपले समजावे. "हे कोणाला सांगू नकोस" असे उपचार करणाराच सांगू लागला, भेट एकांतात अवेळी ठेवू लागला किंवा स्पर्श करू लागला, तर तो उपचार नव्हे हे ओळखावे. मैत्रीण अशी गोष्ट सांगत असेल तर आधी ऐकून घ्यावे. तिला भ्रम झाला आहे असे ठरवण्याची घाई करू नये. आणि या भीतीपोटी मदत घेणे मात्र टाळू नये. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून आहे.

महाविद्यालयाकडेही एक नम्र सूचना आहे. आपल्याकडे समुपदेशनाची सोय असेल तर समुपदेशकाचे शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि तक्रार कोणाकडे करावी, हे तिन्ही सूचनाफलकावर लावावे. तक्रार घेणारी व्यक्ती समुपदेशकाहून वेगळी असावी. याला फारसा खर्च येत नाही. एक कागद आणि चार टाचण्या पुरतात.

कुंपण शेताच्या राखणीसाठी असते. ते काढून टाकावे असे कोणताच शेतकरी म्हणणार नाही. पण जाणता शेतकरी कुंपण घातले म्हणून घरी झोपून राहत नाही. सकाळ-संध्याकाळ तो बांधावरून एक फेरी मारतो. आपल्या मनांच्या राखणीसाठी ज्यांना आपण नेमले आहे, त्यांच्या बांधावरूनही अशी फेरी मारणारे कोणी असायला हवे. आणि ती फेरी पीक खाल्ले गेल्यावर नव्हे, त्याच्या आधी मारायला हवी.